वामनकाकाची खडूची कोठडी

आमच्या मोहल्ल्यात एक माणूस भर रस्त्यावर खडूनं जेल काढते. खरंच सांगून राहिली. वामनकाका त्याचं नाव. जेलात शिपाई होता, पेन्शनीत आला, पण खाकी पँट काई सुटली नाही. शाळा सुटायच्या टायमाले फाटकासमोर उकिडवा बसते, वितीनं डांबर मापते, चौकोन ओढते अन् पोट्ट्याइले म्हणते, "ही कोठडी. बसून पाहा. गर्द ओढान, पुडी खिशात ठेवान, त एवढ्याशा जाग्यात दहा साल!"

दहा साल, दहा साल! माह्या लहानीच्या बारशाले आला, पाळण्यावर वाकला अन् म्हणे, "मोठी होय बेटा, पण कोणाची पुडी धरू नको." माही सासू घुगऱ्या वाटता वाटता थबकलीच. पोट्टे चिडवत, "काका, पुडी आपली नसली त?"

"कायदा पहिले खिसा पाहाते, लेका. पुडी कोणाची, हे मागून."

मले त्याचा असा राग! मी सातवी नापास, कायद्याचं नाव काढलं का मी दार लावून घेते, अन् हा माणूस लेकराइले जेलात बसवते!

त्या दिवशी शेजारची शांता धावत आली. "वं वहिनी, तुह्या राजूले काकानं कोठडीत टाकलं!"

मी कणकेच्या हातानंच पळाली. राजू चौकोनात बसून रडून राहिला, पोट्टे खिदळून राहिले, अन् काका त्याच्या खिशातून सिगारेटच्या पाकिटातली चमकी काढून राहिला. मूठभर चमकी.

"काहून रडवता माह्या लेकराले?" मी वरडली. "सारेच पोट्टे चमकी जमवतात! एवढ्या उमरीत लाज नाही वाटत?"

काका माह्याकडे पाहेच ना. राजूले म्हणे, "कोणाले देते रे?"

"पानठेल्यावरच्या भाऊले. तो गोळ्या देते."

"तो काय करते चमकीचं?"

"तिच्यावर भुकटी ठेवते, खालून माचीस लावते, धूर ओढते. उद्यापासून मले पुडी पोचवाले देणार हाय."

त्या ठेल्याले आग लावावी वाटली, अन् हात उठला राजूवर. काकानं मधातच धरला. "मारू नका, बाई. मारलं का पोट्टं सांगणं बंद करते."

संध्याकाळी राजूले ताप भरला. माहं डोकं पुन्हा सणकलं. वाचवलं, ठीक हाय, पण चारचौघात काहून? पहिले मले सांगता येत नव्हतं? भांडाले म्हणून मी तरातरा काकाच्या घरी गेली. दार उघडंच होतं.

आत फरशीवर तसाच खडूचा चौकोन. अन् काका त्याच्यात उताणा निजला होता.

मले पाहून धडपडत उठला. पँट झटकली. मंग खालीच पाहत बोलला, "माह्या पोराच्या, दिलीपच्या खिशात मले बी चमकी दिसली होती, बाई. म्हटलं, चॉकलेटची अशीन. मंग पोलिसाइनं पुडीसंगच धरला त्याले."

"कुठं हाय तो?"

"माह्याच जेलात. ज्या कोठड्याइच्या चाव्या माह्या कमरेले होत्या, तिथंच."

मी उंबऱ्यातच खाली बसली. काका त्या रेघेकडे पाहत होता.

"माहेच पाय बाहेर जातात, बाई. अन् दिलीप त माह्याहून वीतभर लंबा हाय. निजत कसा अशीन?"