तिसऱ्या बाटलीतलं पाणी

साखरेसाठी गोविंदराव रोज सकाळी मेथ्या भिजवलेलं पाणी घेत. त्या दिवशी चष्मा सापडेना, म्हणून ते तसेच स्वयंपाकघरात गेले. ओट्याच्या कोपऱ्यात तीन बाटल्या होत्या आणि तिन्हींच्या तळाशी काहीतरी भिजत पडलं होतं. पहिलीतला घोट बेचव लागला, दुसरीतलाही तसाच. तिसरीतलं पाणी मात्र चांगलंच कडवट होतं. औषध हेच, असं समजून त्यांनी ती बाटली रिकामी केली.

चष्मा सापडल्यावर त्यांनी बाटलीवर सुनेच्या अक्षरात लिहिलेलं वाचलं : ‘अणुकचरा – सिमेंट’.

“प्रभावती,” ते खाली बसत बायकोला म्हणाले, “जवळ येऊ नको. मी अणुकचरा पेलोय.”

त्यांची सून प्रियदर्शनी परभणीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची आणि पीएचडी करत होती. अणुभट्टीतला सगळ्यात घातक कचरा हजारो वर्षं कोंडून ठेवायचा, तर तो काचेत मुरवावा, दगडासारख्या सिरॅमिकमध्ये की सिमेंटमध्ये, हा तिचा विषय. तिनं तिन्हींच्या वड्या करून पाण्यात ठेवल्या होत्या. त्यांत खरा कचरा नव्हताच. त्याच्या जागी किरणं न सोडणारे चिमूटभर क्षार होते. कुठल्या वडीतून ते पाण्यात जास्त उतरतात, ते तपासायचं होतं. परीक्षांमुळे प्रयोगशाळेला कुलूप होतं, म्हणून बाटल्या झरी गावात, घरी आल्या होत्या. दुपारी पाणी तपासणीला जाणार होतं आणि दुसऱ्या दिवशी परिसंवादात निकाल मांडायचा होता.

हे तिनं सासऱ्यांना एकदा सांगायला घेतलं होतं. “कचऱ्याचं शिक्षण पाव्हण्यारावळ्यांत सांगू नको,” एवढं बोलून ते उठून गेले होते.

आता ती परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षणाला होती आणि तिचा फोन बाहेर जमा होता. प्रभावतीबाईंनी शेजारच्या बन्सीधरला ऑटो काढायला लावला. बाटल्या सांडशीनं उचलून डॉक्टरला दाखवायला बादलीत घेतल्या. बन्सीधरनं गोविंदरावांना मागं एकटं बसवलं आणि प्रभावतीबाईंना पुढं आपल्याशेजारी. वाटेत भेटेल त्याला तो ओरडून सांगत होता, “काकांनी अणू पेलाय! सरका, सरका!”

दवाखान्यात त्याच्या या ओरडण्यानं बाकडी रिकामी झाली. तरुण डॉक्टर दारातूनच म्हणाले, “वरिष्ठांना विचारतो. तोवर यांना वेगळ्या खोलीत ठेवू.”

खोलीत गोविंदराव एकटेच पलंगावर बसले. पोटात काही होतंय का, ते लक्ष देऊन पाहत होते. काही होत नव्हतं, आणि त्याचीच त्यांना जास्त भीती वाटत होती. थोड्या वेळानं त्यांनी उंबऱ्यापलीकडच्या बायकोला हाक मारली.

“ऐक. माझं काही झालं तर पोरीला बोल लावू नको. चूक माझीच हाय.”

प्रभावतीबाईंनी पदर डोळ्यांना लावला. आत मात्र त्या गेल्या नाहीत.

निरोप मिळताच प्रियदर्शनी धावत आली आणि थेट त्यांच्याजवळ जाऊन बसली.

“मामा, कोणत्या बाटलीतलं पेलात?”

“तिन्ही. दोन्हीतला घोट घोट. सिमेंटचं मात्र सगळं.”

सिमेंटचा निकाल गेला होता. उरलेल्या दोन बाटल्यांवर निदान काच आणि सिरॅमिक तरी मांडता येणार होतं. तिनं डॉक्टरांना सगळं समजावलं. डॉक्टर मान हलवत होते, पण आत येत नव्हते.

“हे खरं कशावरून?” बन्सीधरनं व्हरांड्यातून विचारलं. “तसं म्हनलं तर कुनीबी म्हनल!”

प्रियदर्शनीनं सासऱ्यांकडे पाहिलं. ते तिच्याकडे पाहतच नव्हते, स्वतःच्या हातांकडे पाहत होते. तिनं बादलीतून काचेच्या वडीची बाटली उचलली, झाकण काढलं आणि सगळ्यांदेखत तळाशी वडी उघडी पडेपर्यंत पाणी पिऊन टाकलं.

“अगं, तुझा अभ्यास हाय ना त्याच्यात?” गोविंदराव ओरडले.

“पुन्हा भिजत घालीन.”

मग मात्र प्रभावतीबाई आत आल्या आणि नवऱ्याच्या खांद्याला धरून रडल्या. डॉक्टरही आले. नाडी, रक्तदाब सगळं ठीक निघालं. घसा जरा खवखवेल, एवढंच ते म्हणाले.

परतीच्या वाटेवर तिघंही मागच्या सीटवर दाटीनं बसले होते. अख्ख्या झरीला बन्सीधरनं फोन केले होते.

“म्हंजी काहीच न्हवतं?” तो शेवटी बेजार होऊन म्हणाला. “लोकं वाट बघायलेत काका. आता मी गावात काय सांगू?”

गोविंदराव ताठ बसले. “सांग, काचेतून अन् सिरॅमिकमधून काही निघत न्हाई. सिमेंटमधून निघतं.”

“कशावरून?”

“सून अभ्यास करायलीय,” गोविंदराव गंभीरपणे म्हणाले, “अन् आमी पिऊन बघितलंय.”