भांडारपालाला नऊ गुण

कल्पना करा, तुम्ही अकरा वर्षांचे आहात आणि इमारतीतली सगळी मुले तुम्हाला 'तोफ' म्हणतात. तुम्ही अंगाने किरकोळ आहात, आवाज बेताचा आहे, कुणावर कधी डाफरला नाहीत. तरी जिन्यावर पाय ठेवला की वरून कुणीतरी म्हणते, "बाजूला व्हा, तोफ आली." कसे वाटेल? आपल्या गोष्टीतल्या मुलीला अगदी तसेच वाटत होते.

हे नाव तिने स्वतःच ओढवून घेतले होते. इमारतीतली पाच मुले मिळून संगणकावर पत्त्यांचा एक खेळ खेळत. राजा-राणीचे पत्ते नव्हेत. या पत्त्यांवर माणसे असत आणि प्रत्येकाच्या अंगी एकेक करामत. पाचही जण आपापले पत्ते एकाच डावात मांडत आणि समोरच्या इमारतीतल्या पाच जणांशी लढत. दर तीन महिन्यांनी नवे पत्ते येत. आठवडाभर ते नुसते बघायचे आणि मग प्रत्येकाने त्यांतला एकच निवडायचा. निवडला की निवडला, बदल नाही. त्यामुळे कोणता पत्ता किती दमाचा आहे हे आधीच ओळखावे लागे, आणि ते काम या मुलीकडे होते.

मागच्या खेपेला तिने 'तोफवाला' या पत्त्याला दहापैकी दहा गुण दिले. चित्रच तसे होते. काळीकभिन्न तोफ, निळा धूर, पिळदार मिशा. पाचही जणांनी तोच घेतला. मग कळले की तोफ सातव्या फेरीत उडते आणि डाव पाचव्या फेरीत संपतो. समोरच्या मुलांनी त्यांना अकरा वेळा हरवले आणि तोफ एकदाही उडाली नाही.

"शेवटची संधी," चष्मेवाल्याने बजावले होते. चष्मेवाला म्हणजे खालच्या मजल्यावरचा मुलगा, गटाचा म्होरक्या. "या वेळी चुकलीस तर यापुढे गुण मी देणार. आणि तू जन्मभर तोफ."

या वेळी 'कारखाना' नावाचे पाच पत्ते आले होते: सुतार, रंगारी, यंत्रचालक, राखणदार आणि भांडारपाल. मुलीने चित्रांकडे बघायचेच नाही असे ठरवले. तिने पुठ्ठ्याचे पाच पत्ते कापले, त्यांवर करामती लिहिल्या आणि एकेक पत्ता घेऊन आजोबांबरोबर तीन-तीन डाव खेळली. रंगाऱ्याच्या करामतीत सुताराचे नाव होते, म्हणून तेवढे दोघे तिने शेजारी मांडले. आजोबा मध्येच डुलकी काढत आणि जागे होऊन जिंकत. प्रत्येक पत्त्याचे निरीक्षण ती एका छापील कागदावर लिही. हे कागद आईच्या कामावरचे, उरलेले. ती सगळे पेन्सिलनेच लिही, कारण तोफेपासून तिला खोडरबराची किंमत कळली होती.

आई लाकडी सामानाच्या कारखान्यात पर्यवेक्षक होती. वर्षातून एकदा तिला हाताखालच्या माणसांना गुण द्यावे लागत. ओळखीपाळखीने गुण वाटले जाऊ नयेत म्हणून तिथल्या मोठ्या साहेबांनी एक नियम काढला होता: कागदावर माणसाचे नाव नाही, फक्त काम. खाली चार रकाने. बळ, उणीव, कुठे ठेवावे, गुण. आईच्या कारखान्यातही सुतार होता, रंगारी होता, बाकीचेही होते. लाकडी सामानाच्या कारखान्यात दुसरे कोण असणार?

गुरुवारी संध्याकाळी आईचा उजवा अंगठा कपाटाच्या खणात सापडला. कागद तर सकाळी द्यायचे होते. आई अंगठ्याला फडके बांधून बसली, तिने सांगितले आणि मुलीने लिहिले.

"सुतार. काम चोख. चहा फार लागतो. सात."

"यंत्रचालक?"

"मेहनती. कधी सुट्टी मागत नाही. नऊ."

"भांडारपाल?"

आईने घड्याळाकडे पाहिले. "ठीक. विशेष काही नाही. पाच."

"खेळून बघितलंस?"

"काय?"

"म्हणजे, शेजारी बसून बघितलंस का, ते काय करतात?"

"अगं, भांडारात काय बघायचंय? कप्पे आणि खिळे. लिही पाच."

मुलीने पाच लिहिले. मग आईचे कागद एका लिफाफ्यात गेले आणि तिचे स्वतःचे दुसऱ्या. लिफाफे एकाच गठ्ठ्यातले, कागद एकाच छापखान्यातले, अक्षर एकाच मुलीचे. पुढे काय झाले ते तुम्ही ओळखलेच असेल. सकाळी मुलगी बूट शोधत असताना आईने डाव्या हाताने एक लिफाफा उचलला आणि दारात आलेल्या चष्मेवाल्याने दुसरा.

मोठ्या साहेबांना धीर कमी. लिफाफा हातात पडताच त्यांनी सगळ्यांना गोळा केले. "लपवाछपवी नको. जे आहे ते सगळ्यांसमोर," ते म्हणाले आणि वाचू लागले. "राखणदार. उभा असेपर्यंत कुणाला आत येऊ देत नाही. एकदा आडवा झाला की परत उठत नाही."

मागून कुणीतरी फिस्सकन हसले. राखणदार खाली मान घालून म्हणाला, "एकदाच झालो होतो साहेब. जेवण जड झालं होतं."

आईने कागदाकडे झटकन हात पुढे केला. "साहेब, हा कागद जरा—"

"थांबा बाई. इतकं रोखठोक मी आजवर वाचलं नव्हतं. यंत्रचालक. आवाज मोठा, काम थोडं. तेल मिळालं नाही तर नुसता खडखडाट. तीन."

आता यंत्रचालक चिडणार असे सगळ्यांना वाटले. पण त्याचे डोळे चमकले. "डॉक्टरांनी खाण्यातलं तेल बंद केल्यापासून माझे गुडघे वाजतायत," तो शेजाऱ्याला म्हणाला. "घरात कुणाला पत्ता नाही. बाईंना ऐकू आलं बघ."

"रंगारी," साहेब पुढे वाचू लागले. "एकटा असेल तर शून्य. सुताराच्या उजवीकडे ठेवला तर दोघांचंही नुकसान. डावीकडे ठेवला तर दोघांचं बळ दुप्पट." त्यांनी मान वर केली. "रंगारी सध्या कुठे बसतो?"

"उजवीकडे," सुतार आणि रंगारी एकदमच म्हणाले.

साहेबांनी तिथल्या तिथे रंगाऱ्याचे बाकडे हलवायला लावले. आता यात जादू काही नव्हती. छतावरच्या पंख्यामुळे लाकडाचा भुसा उजवीकडे उडे आणि ओल्या रंगावर बसे. रंगारी सुताराला बोल लावी आणि सुतार रंगाऱ्याला. वर बघायला दोघांनाही सवड नव्हती. दुपारपर्यंत एक टेबल आरशासारखे रंगून तयार झाले. रंगारी ते दाखवायला आईला ओढतच घेऊन गेला. "बाई, उपकार झाले. महिनाभर एकेक टेबल दोनदा घासतोय मी." खरे सांगायला आईने तोंड उघडले की कुणीतरी आभार मानी आणि ते तोंड पुन्हा मिटे.

सकाळच्या त्या वाचनात शेवटचा कागद भांडारपालाचा होता. भांडारपाल म्हणजे पांढऱ्या केसांचे, हळू बोलणारे गृहस्थ. ते सगळ्यांच्या मागे, कप्प्याला टेकून उभे होते.

"पहिल्या नजरेत काहीच वाटत नाही," साहेब वाचत होते. "स्वतः कुणाला हरवत नाही. पण ज्याला जे लागेल ते, लागेल त्या वेळी हातात देतो. हा नसेल तर बाकीचे सगळे रिकाम्या हाताने उभे राहतात. याला कधीही सोडू नये. नऊ."

भांडारपाल पुढे आले. त्यांनी कागद मागून घेतला, दोनदा वाचला आणि विचारले, "हा माझ्याकडे ठेवला तर चालेल?"

संध्याकाळी आई फाटकाबाहेर पडली तेव्हा ते तिथे थांबले होते. "बाई, एक विचारू? सत्तावीस वर्षं मी चिठ्ठ्या वाचतोय. दोन डझन खिळे द्या, एक डबा सरस द्या. इथल्या प्रत्येकाचं अक्षर मला ओळखू येतं. हे तुमचं नाही."

आईने सुस्कारा सोडला. "नाही. माझ्या मुलीचं आहे. आणि खरं सांगायचं तर—"

"मग मला तिला भेटायचंय. फक्त आभार मानीन आणि निघेन."

इकडे मुलगी चित्रकलेच्या वर्गावरून सव्वापाचला परतली, तर चष्मेवाला जिन्यात लिफाफा घेऊन बसलेला.

"आम्ही चौघांनी यंत्रचालक घेतला," तो म्हणाला. "नऊ दिलेस ना तू. 'कधी सुट्टी मागत नाही' म्हणजे प्रत्येक फेरीत खेळता येतो, एवढं आम्ही लावलं. पण सुताराला 'चहा फार लागतो' म्हणजे काय? फार अवघड लिहायला लागलीस."

मुलीने कागद ओढून घेतला आणि मटकन पायरीवर बसली. "यंत्रचालकाला मी तीन दिलेत."

"नऊ लिहिलंय."

"हे आईच्या माणसांचे गुण आहेत."

चष्मेवाल्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "चौघांनी घेतला," तो पुन्हा म्हणाला. "आता बदलता येत नाही. उद्या सामना आहे, तोफ."

एवढ्यात आई आणि भांडारपाल जिना चढून आले. सगळे घरात गेले. कोपऱ्यातल्या खुर्चीत आजोबा डुलकी काढत होते. भांडारपालांनी खिशातून घडी केलेला कागद काढला आणि मुलीसमोर जरासे वाकले.

"हे तू लिहिलंस? मला आभार मानायचेत. सत्तावीस वर्षांत माझ्याबद्दल असं कुणी लिहिलं नव्हतं."

मुलीने आईकडे पाहिले. आईने फडके बांधलेल्या अंगठ्याकडे पाहिले. खोटे बोलणे सोपे होते. पण एकदा चुकीचे गुण देऊन या मुलीने बरेच भोगले होते.

"काका, ते तुमच्याबद्दल नाहीये," ती हळूच म्हणाली. "ते खेळातल्या पत्त्याबद्दल आहे. तुमचा कागद याच्या हातात आहे."

चष्मेवाल्याला एक खोड होती: हातात कागद असला की तो मोठ्याने वाची. त्याने वाचला. "भांडारपाल. ठीक. विशेष काही नाही. पाच."

आजोबासुद्धा जागे झाले.

"पाच बरे आहेत," भांडारपाल म्हणाले. "गेल्या वर्षी माझा कागद भरायचाच राहिला होता."

आईला हे पाच छड्यांपेक्षा जास्त लागले. "चुकलं माझं, काका," ती म्हणाली. "रोज तुमच्या दारावरून जाते. आत कधी डोकावलेच नाही."

"अहो, आत कप्पे आणि खिळेच आहेत." मग ते मुलीकडे वळले. "तुझ्या त्या पत्त्याचं काम काय असतं, बाळ?"

"सगळ्यांना काय लागणार ते आधी ओळखायचं आणि द्यायचं."

"मग माझ्याबद्दलच आहे की," म्हणून त्यांनी कागदाची घडी घातली आणि तो पुन्हा खिशात ठेवला. "आणि तू एवढी रडवेली का?"

मुलीने तोफेपासून सगळे सांगितले. भांडारपालांनी ते एखादी लांबलचक चिठ्ठी वाचावी तसे शांतपणे ऐकले. "यंत्रचालकाला तीन का दिलेस?"

"त्याला दर फेरीला तेल लागतं. तेल नसलं की नुसता खडखडाट."

"आणि तेल कोण देतं?"

मुलीने कपाळावर हात मारला. "भांडारपाल," ती म्हणाली. "पण यंत्रचालकाला मी एकटंच खेळून बघितलं. दोघांना एकत्र बघितलंच नाही."

"आमच्याकडे सहा यंत्रं आहेत," भांडारपाल म्हणाले. "मी एकटाच आहे."

चष्मेवाल्याने घड्याळ पाहिले. "सहाला निवड बंद होते. आमचे चौघांचे यंत्रचालक झाले. तुझी एकटीची राहिलीय. पळ, तो—" सवयीने तो म्हणायला गेला आणि थांबला. "नावाचं उद्या बघू," तो म्हणाला.

मुलीने संगणक लावला आणि किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभा असलेला तो साधासुधा पत्ता निवडला. मग टेबलापाशी आली. आईच्या कागदावरचा पाच तिने नीट खोडला, भुगा फुंकून उडवला, जागा कोरी ठेवली आणि पेन्सिल आईच्या डाव्या हातात दिली.

"आज लिहू नकोस," ती म्हणाली. "सोमवारी भांडारात जाऊन बस. मग लिही. पहिल्यांदा मीपण तोफवाल्याला दहा दिले होते."

आईने पेन्सिल घेतली आणि कागदासकट पिशवीत ठेवली.

मग मुलीने पुठ्ठा आणि कात्री काढली. आणखी तीन यंत्रचालक कापले, आजोबांना खुर्चीसकट टेबलाजवळ ओढले, चष्मेवाल्याला पलीकडे बसवले आणि भांडारपालाचा पत्ता भांडारपालांच्याच हातात दिला.

"आता तुम्ही सांगा, काका," ती म्हणाली, "तेल आधी कुणाला द्यायचं?"