बापूरावांची गळकी नाव

आमच्या शेजारच्या बापूरावांनी नावेला इंजेक्शन द्यायचं तेवढंच बाकी ठेवलं होतं. ते गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर. बायको गेली त्या वर्षी त्यांनी पैनगंगेवरची कुणाची तरी पडून असलेली जुनी शिडाची नाव विकत घेतली, आणि तेव्हापासून माझा एकही रविवार माझा राहिला नाही.

"मास्तर, जनावर चांगलं हाय. फक्त जखम वाहून राह्यली," असं म्हणत ते नावेच्या पोटावर थापट्या मारायचे. मग फटीत कापूस ठासायचा, वरून राळ आणि जवसाच्या तेलाचा लेप. हा लेप माझ्या धोतराला पक्का बसायचा, नावेला नाही. एकदा त्यांनी चिरलेल्या डोलकाठीला दवाखान्यातलं बँडेज गुंडाळलं. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "काय झालं जी हिले?"

"हाड मोडलं," बापूराव गंभीरपणे म्हणाले.

चैत्र लागला की नाव काठावर ओढायची, वाळवायची आणि मग डागडुजी करायची, हा त्यांचा नेम. ओढायला अर्थात मी. उन्हात फळ्या आकसत, फटी रुंदावत, त्यांत बापूराव कापूस कोंबत. पाण्यात गेल्यावर लाकूड फुगे आणि बराचसा कापूस बाहेर फेकून देई. मग मी डबा घेऊन पाणी उपसायचं. माझी पाठ नावेपेक्षा जास्त कुरकुरायला लागली होती.

हा सगळा खटाटोप लेकीसाठी. चंद्रकलेला पलीकडच्या काठावर दिलेली. आई गेल्यावर ती एकदा माहेरी येऊन गेली, त्यानंतर नाही. दिवाळीला कुणी विचारलंच, तर बापूरावांचं उत्तर तयार असे, "पोरगी येईन कशी? नाव गयते ना!" दुसऱ्यांच्या डोंग्यांवर म्हणे त्यांचा भरवसा नव्हता. मधल्या काळात पलीकडचं हैदराबाद राज्य मोडलं, दोन्ही काठ एका राज्यात आले, पण चंद्रकला काही आली नाही.

एका चैत्रात माझी पाठ धरली. नाव डोहातच राहिली. पावसाळा सरल्यावर उपसून पाहिली, तर आत पुन्हा टिपूस येईना. पाण्यात राहून फळ्या फुगल्या होत्या, फटी आपोआप मिटल्या होत्या. इतक्या वर्षांच्या कापसाला जमलं नाही ते माझ्या आळसानं केलं. मी खूश. बापूराव मात्र बराच वेळ तळाला हात लावून बसून राहिले.

"चला, पोरीला घेऊन येऊ," म्हणत मीच शीड चढवलं. पलीकडे पोचल्यावर ते काही उतरेचनात.

"तुमी जा. मी हिच्याजवळ थांबतो. नवं ठिकान हाय, बिचकन."

घर काठालगतच होतं. सासरची माणसं चांगली, कुणाची आडकाठी नव्हती. चंद्रकलेनं चहा दिला आणि खाली बघत म्हणाली, "मास्तरकाका, येऊन करू काय? माय होती तं बोलाले कोनी होतं. मागच्या खेपेले आली तं बाबा सारे दिवस नाव ठोकत बसले. मायासंग दोन शब्द बोलले नाई. मी तवाच सांगतलं त्याइले, आता नाई येत म्हून."

म्हणजे बापूरावांना ठाऊक होतं. इतकी वर्षं ठाऊक होतं.

त्यांना काय सांगायचं ते जुळवत मी परत आलो. बापूराव नावेत घोटाभर पाण्यात उभे होते. हातात सुताराची पटाशी, बाजूला फटीतून उपटून काढलेला कापसाचा ओला बोळा. लेकीबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही.

"पाहा मास्तर, गयतेच. अशा नावेत पोरीले कसं बसवाव?"

एरवी मी वैतागलो असतो. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. मी डबा उचलला आणि पाणी उपसायला लागलो.

"येत्या चैत्रात वर ओढू हिला," मी म्हणालो. "चांगली वाळवू उन्हात."