नऊ नव्वे एक्क्याऐंशी गॉगल

कोणताही संग्रह सुरू करायला एक वस्तू आणि एक खिळा पुरतो. तो पूर्ण झाला हे ठरवायला मात्र समिती लागते. जगात जे काही अर्धवट पडले आहे ते समिती न नेमल्यामुळेच पडले आहे, असे कझाखस्तानातल्या ताराझ शहरातले तोक्तार अक्साकाल म्हणतात. अक्साकाल म्हणजे पांढऱ्या दाढीचा वडीलधारा. तोक्तारांना दाढी नाही (येतच नाही), पण अध्यक्षपद आहे, आणि त्यांच्या इमारतीतल्या लोकांनी तेवढ्यावर भागवून घेतले आहे.

समिती नेमली गेली ती ओराझबायच्या गॉगलांसाठी. ओराझबायने उभा जन्म ताराझ ते शिमकेंत बस चालवली. हा रस्ता असा की जाताना संध्याकाळचा सूर्य समोर आणि परतताना सकाळचा सूर्य समोर. त्यामुळे पहिला गॉगल निव्वळ गरजेपोटी घेतला गेला. दुसरा घेतला, पहिला हरवला तर असावा म्हणून. पहिला हरवला नाही, आणि घात झाला तो तिथेच. तिसऱ्यापासून पुढे ओराझबायने कारणे देणे बंद केले, आणि निवृत्त होईपर्यंत दिवाणखान्यातले काचेचे कपाट भरत आणले. त्यात पूर्वी त्याच्या बायकोची, कुल्याशची, भांडी असत. (भांडी पलंगाखाली आहेत. त्यांची काही तक्रार नाही.)

कुल्याशने एकदाच विचारले, “अहो, हे संपणार कधी?” नवरा असा प्रश्न ऐकून न ऐकल्यासारखे करतो. पण ओराझबाय सरळ माणूस. त्याने भाकरीवर हात ठेवून शपथ घेतली, की संग्रह पूर्ण झाला की त्यानंतर आयुष्यात एकही गॉगल घेणार नाही. भाकरीची शपथ मोडत नाहीत. तेव्हा ‘पूर्ण’ म्हणजे काय, हे कुणीतरी गंभीरपणे ठरवणे आले.

समितीत तीन माणसे होती: अध्यक्ष तोक्तार, भूमितीचे निवृत्त मास्तर झुमागाझी, आणि स्वतः ओराझबाय (निःपक्षपाती सभासद). बैठक दर शुक्रवारी, ओराझबायच्याच घरी. सोबत चहा, बाउरसाक म्हणजे कणकेचे तळलेले गोळे, आणि मटण. मटण नसल्यास सभा गणसंख्येअभावी तहकूब होई. समितीने काम रेंगाळत ठेवले असा आरोप पुढे काही जिभांनी केला. तो खोटा आहे. समितीने काम चावून चावून केले.

पहिल्या वर्षी आकडा ठरला. कझाख माणसाला मोठा आहेर करायचा तर तो नऊ-नऊने करतो. नऊ घोडे, नऊ अंगरखे, खिसा फाटका असेल तर नऊ रुमाल. तेव्हा गॉगलांचे घाट नऊ, रंग नऊ, नऊ नव्वे एक्क्याऐंशी. झुमागाझींनी फळ्यावर चौकोन आखून दाखवला आणि तो पाहून ओराझबायच्या डोळ्यांत पाणी आले. आपण आयुष्यभर काहीतरी आकाराचे करत होतो, हे त्याला तोवर कुणी सांगितलेच नव्हते.

दुसऱ्या वर्षी व्याख्या झाल्या. जो नाकावर बसला तो गॉगल. जो बसला नाही तो नमुना. नमुना एकदा नाकावर बसला की गॉगल होतो आणि त्याचे सभासदत्व जाते. काच तडकलेला नमुना पाऊण धरावा. एका पाहणीत असे दिसून आले, की संग्रहातले शंभर टक्के नमुने उन्हापासून संरक्षण देतात, आणि शंभर टक्के नमुन्यांना आजवर ऊन लागलेले नाही. दोन नमुने बसमध्ये सापडलेले होते. त्यांच्या मालकांचा कसून शोध घेण्यात आला (शोध कपाटातच घेतल्यामुळे मालक मिळाले नाहीत).

असे करत करत कपाटातले ऐंशी खिळे भरले. उरला एक. काळ्या रंगाचा, रुंद, दोन्ही बाजूंनी झाकलेला. तो ओराझबायने मुद्दामच मागे ठेवला होता, कारण तसला गॉगल पेशंट लोक घालतात, आणि उगाच अपशकुन कशाला?

त्या जुलैत कुल्याशच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले.

ओराझबाय काही दगड नव्हे. हॉस्पिटलातून घरी आणताना त्याने सगळ्या वाटेने स्वतःची टोपी तिच्या तोंडापुढे धरली होती, आणि टॅक्सी खड्ड्यात आदळली तेव्हा ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. तिला कळ आली की याच्या पोटात कालवायचे. पण पोट वेगळे आणि कपाट वेगळे.

“अहो, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गॉगलशिवाय उन्हात पाऊल टाकायचं नाही.”

“मग नको ना टाकूस. मी आणतो काय हवं ते.”

“परवा तपासणीला बोलावलंय. तिथं माझ्याऐवजी तुम्ही जाणार? समोर ऐंशी गॉगल लटकलेत!”

“कुल्याश, ते नमुने आहेत.”

“नमुना तर तुम्ही आहात!”

एवढे बोलून तिने डोळ्यांवर रुमाल ओढला आणि भिंतीकडे तोंड केले. ओराझबायला लाजल्यासारखे झाले. तो तडक बाजारात गेला आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितला होता अगदी तस्साच गॉगल घेऊन आला. काळा, रुंद, दोन्ही बाजूंनी झाकलेला. घासाघीससुद्धा केली नाही, यावरून त्याचे प्रेम दिसून येते.

घरात शिरून त्याने पिशवीतून गॉगल काढला. कुल्याशने हात पुढे केला. आणि ओराझबाय जागच्या जागी थिजला. त्याची नजर गॉगलवरून कपाटाकडे गेली, कपाटावरून गॉगलकडे आली. मग तो हळूच म्हणाला, “जरा थांब हं. तोक्तारना विचारून आलो.”

तातडीची बैठक भरली. (घरी फक्त थंड मटण होते, परिस्थिती पाहून ते ग्राह्य धरले गेले.) गॉगल कुल्याशसाठी घेतला होता यावर कुणाचे दुमत नव्हते. पण तो तिच्या नाकावर बसलेला नव्हता, म्हणजे व्याख्येप्रमाणे नमुनाच होता, आणि नमुन्याची जागा फळ्यावर चार वर्षांपासून आखलेली होती. गॉगल खिळ्यावर गेला. संग्रह पूर्ण झाला. तिघांनी उठून एकमेकांना मिठ्या मारल्या.

“बरं झालं,” आतल्या खोलीतून कुल्याश म्हणाली. “आता बाजारात जाऊन माझा दुसरा आणा.”

इथे झुमागाझींनी बोट वर केले. ते म्हणाले, “वहिनी, पूर्ण म्हणजे ज्यात आणखी काही घालता येत नाही ते. उद्या या घरात ब्याऐंशीवा गॉगल आला, तर आजचा संग्रह पूर्ण नव्हता असं सिद्ध होतं. शिवाय ओराझबायनं भाकरीची शपथ घेतलीये.”

“मग मी करू काय?”

“ढगाळ दिवस बघून बाहेर पडा.” (जुलै चालू होता. ताराझमध्ये जुलैत ढग पाहिला तर लोक शेजाऱ्यांना हाक मारतात.)

तपासणी पुढे ढकलली आणि मेजवानी ठरली. बोकड पडला, पाव्हणे आले. गावाकडच्या भावाने एक तांबडे शिंगरू राखून ठेवले होते, ते ओराझबाय आपल्या भाच्याला, मेदेतला, देणार होता. मेदेत हा बहिणीचा मुलगा, टायरच्या दुकानात कामाला. आणि कझाखांत बहिणीच्या मुलाचा हक्क मोठा. मामाकडे त्याने जन्मात तीन वेळा काहीही मागावे, मामाने नाही म्हणायचे नाही. भाच्यावर हात उगारणाऱ्याचे हात म्हातारपणी थरथरतात अशी म्हण आहे, आणि सगळे आयुष्य स्टिअरिंगवर काढलेला माणूस ही म्हण हसण्यावारी नेत नाही.

कुल्याश डोळ्यावर रुमाल बांधून चहा ओतत होती. कझाखांकडे वाटीत चहा ओततात तो तळाला घोटभर. म्हणजे बसा, पुन्हा देते. काठोकाठ भरला तर अर्थ असा, की प्या आणि निघा. त्या दिवशी कुल्याशने अध्यक्षांची वाटी काठोकाठ भरली. ती डोळ्यामुळे भरली की मनापासून, यावर समितीत आजतागायत मतभेद आहेत.

जेवणे झाली. ओराझबाय कपाटाशेजारी उभा राहिला.  मोठ्या आनंदाच्या प्रसंगी मामाने म्हणायचे असते, ते तो म्हणाला. “मेदेत, बाळा, माग! तुझ्या मनात असेल ते माग!”

मेदेतने रुमालाने हात पुसले. मामीकडे बघितले. ती किटली चाचपडत होती. मग त्याने कपाटाकडे बोट केले.

“मामा, तो काळा द्या.”



“अरे, शिंगरू माग!” ओराझबाय कळवळून म्हणाला. “तांबडं आहे! कपाळावर टिळा आहे!”

“तिसऱ्या मजल्यावर शिंगरू कुठं बांधू? मला तो काळाच हवा.”

“नमुना घराबाहेर देता येत नाही,” अध्यक्ष घाईने म्हणाले.

“घराबाहेर नेतंय कोण?” मेदेत म्हणाला.

अध्यक्षांनी झुमागाझींकडे पाहिले. झुमागाझींनी डोळे मिटून विचार केला आणि खिन्नपणे सांगितले, की भाच्याचा हक्क समितीहून बराच जुना आहे. ओराझबायने स्वतःच्या हाताने कपाट उघडले. हात थरथरत होता, आणि अजून त्याने भाच्यावर तो उगारलासुद्धा नव्हता.

मेदेतने गॉगल घेतला, मामीच्या डोळ्यावरचा रुमाल सोडला आणि तो तिला घातला. “मामी, उद्या तपासणीला मी नेतो.”

कुल्याशने मान वर केली. खिडकीकडे वळली. किती दिवसांनी ती उजेडाकडे तोंड करून बसली होती. ते पाहून ओराझबायला एकदम फार बरे वाटले, इतके की त्याला स्वतःचीच भीती वाटली. कारण हे बरे वाटणे कुठल्या नियमात बसते ते त्याला सांगता येईना. तो तिच्यापाशी गेला, वाकला आणि हळूच म्हणाला, “कुल्याश... तो खिळा फार रिकामा दिसतो का गं?”

कुल्याशने त्या काळ्या काचांतून कपाटाकडे बघितले.

“मला सगळं काळंच दिसतंय,” ती म्हणाली. “भरल्यासारखं वाटतंय की!”

साक्षीदाराने गॉगल घातलेला असल्यामुळे ही साक्ष फेटाळण्यात आली. ठराव असा झाला, की संग्रह एकाने अपुरा असून बैठका शुक्रवारपासून पूर्ववत सुरू होतील. ओराझबायचा चेहरा उजळला. उद्याच जाऊन तसलाच दुसरा आणतो, म्हणाला. जिन्यात बूट चढवत मेदेत ओरडला, “मामा, माझ्या आणखी दोन मागण्या शिल्लक आहेत बरं का! पूर्ण झाला की कळवा!”

तेव्हापासून, भाच्याच्या उरलेल्या दोन मागण्यांच्या धाकाने, संग्रह ऐंशीवर आहे आणि समितीला कामाचा ताण झेपेनासा झाला आहे. आणखी एक सभासद घ्यायचे ठरते आहे. पात्रता फार नाही. लक्ष वस्तूंवर असावे, इकडेतिकडे भटकू नये. आपण इथपर्यंत गॉगल अगदी चोख मोजत आलात. ऐंशी, एक्क्याऐंशी, पुन्हा ऐंशी. कुल्याशचा कोणता डोळा कापला आणि आता तिला त्यातून दिसते की नाही, हे आम्ही सांगितले नाही आणि आपणही विचारले नाही. आपली निवड झाली आहे. शुक्रवारी या, मटण असते.