उसनं दार

मुलाखतीला बसण्याआधी खोलीचं दार बंद असल्याचं कॅमेऱ्यात दाखवावं, असा जर्मनीतल्या वृद्धाश्रमाचा नियम मोबाईलवर आला आणि कारभारींच्या हातातला चहा हातातच गार झाला. घर शनिशिंगणापुरातलं. त्याला चौकट होती, पडदा होता, कुत्रं शिरू नये म्हणून आडवी फळी होती. दार तेवढं नव्हतं. देव स्वतः पहाऱ्यावर असताना दार लावायचं म्हणजे त्याच्या नोकरीवर संशय घेण्यासारखं.

लेक दिपाली नर्स झालेली, शिवाय घरी बसून जर्मन शिकलेली. मागची मुलाखत दार नसल्यापायीच हुकली होती. ऐन बोलण्यात शेजारच्या साळूबाई विरजण मागत थेट कॅमेऱ्यापुढं उभ्या राहिल्या होत्या. आता ही शेवटची संधी, असं तिकडून बजावलेलं. म्हणून नगरला, आरती नावाच्या मैत्रिणीच्या घरी जाऊन बसायचं ठरलं होतं; पण उद्या शनी अमावास्या, आणि भाविकांच्या गाड्यांनी रस्ता आजच असा तुंबला की मुंगीला वाट मिळेना.

"तात्या, दोन वाजता मुलाखत हाय. आता दार कुठून आनू?" दिपाली रडवेली झाली.

"मी आनतो. तू तुझं जर्मन घोकत बस."

गावात कानिफनाथ सुतार होता. दुसऱ्या गावांची दारं करून त्याचं पोट भरायचं. त्याच्या स्वतःच्या घराला पडदाच.

"दार? तुला?" त्यानं रंधा खाली ठेवला. "देवाला काय सांगशील?"

"उसनं हाय म्हनून सांगन. मुलाखत झाली की परत."

"हे नेवाश्याच्या गिऱ्हाइकाचं हाय. खिळा मारायचा न्हाई, बिजागरी लावायची न्हाई. नुसतं टेकवायचं."

दोघांनी दार डोक्यावर घेतलं आणि भर पेठेतून निघाले. "कारभारी, कुनाच्या घरी निघालं दार?" कुणीतरी हटकलं. कारभारींच्या गळ्यात तुळशीची माळ. खोटं बोलायची सोय नाही.

"आमच्याच," ते म्हणाले, आणि तिथंच घात झाला.

दार घरी पोचायच्या आत बातमी सप्त्याच्या मंडपात पोचली. काल्याचं कीर्तन उरकून पंगत बसली होती. कारभारींनी दार बसवलं, असं पहिल्या ओळीत कळलं. शेवटच्या ओळीत पोचेपर्यंत कारभारींना नांगरताना सोन्याचा हंडा घावला होता. माणसं हात धुऊन उठली, काही न धुताच उठली. पुढं खुद्द कीर्तनकार आबासाहेब महाराज, गळ्यातला हार तसाच.

इकडं आत दिपालीनं चौकटीत टेकवलेलं दार कॅमेऱ्यात दाखवलं, पलीकडच्या मडमेनं मान डोलावली आणि मुलाखत सुरू झाली. बाहेर कारभारी दाराला पाठ लावून उभे होते.

"हळू बोला," ते गर्दीपुढं हात जोडून कुजबुजले. "पोरीच्या नोकरीचा सवाल हाय."

महाराजही कुजबुजले. "कारभारी, काल कीर्तनात पुढं बसून डोळं पुसत होता. आज देवावर इश्वास न्हाई?"

"देवावर हाय महाराज. साळूबाईवर न्हाई."

"माझं नाव कशाला मधी?" गर्दीतून आवाज आला. "त्या दिवशीचं विरजण अजून मिळालं न्हाई मला."

अशी कुजबुजती सभा चालली असताना भीमाबाई आल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दिपालीकडून बीपी मोजून घ्यायला रोज याच वाटेनं यायच्या. वाटेत कधी दार लागलं नव्हतं, तर आज तरी का लागावं? त्या सरळ चालत आल्या. मधे काहीतरी आडवं लागलं, ते कारभारी होते. भीमाबाईंनी त्यांना म्हशीसारखं ढकललं.

दार आत कोसळलं. त्यावर कारभारी उताणे. मागं चौकटभर गाव. भीमाबाई दारावरून, म्हणजे कारभारींना वळसा घालून आत गेल्या आणि हात पुढं करून बसल्या. "बघ गं पोरी, आज लई गरगरतंय."

दिपालीनं आधी बापाकडं पाहिलं. ते पडल्या पडल्याच हातानं 'मी बरा हाय' म्हणाले. मग ती कॅमेरा विसरली. म्हातारीला पाणी पाजलं, पट्टा बांधला, "सकाळची गोळी खाल्ली का?" म्हणून दरडावलं, खाल्ली नाही कळल्यावर स्वतःच्या हातानं दिली. भीमाबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. तेव्हा कुठं दिपालीला मडम आठवली.

"माफ करा," ती जर्मनमध्ये म्हणाली. "आमच्या गावात दारंच नसतात. हे उसनं आणलं होतं."

मडमेनं एकच प्रश्न विचारला. खाली पडलेल्या गृहस्थांना कुणी उचलणार आहे का?

निवडीचं पत्र महिन्याभरात आलं. त्याआधीच महाराजांनी अमावास्येच्या कीर्तनात दृष्टान्त दिला होता, की आड येणारं दार पाडायलाही देव आंधळीच्या रूपानं येतो. नाव कुणाचं घेतलं नाही. सगळा मंडप मात्र टाळ धरलेल्या कारभारींकडं बघत होता. कानिफनाथ तेवढा मान खाली घालून बसला होता. दाराचा एक कोपरा उडाला होता.

दिपाली जर्मनीला पोचली. आठवडा होतो न होतो तोच भल्या सकाळी, तिकडच्या मध्यरात्री, तिचा फोन आला. ती खोलीबाहेर, पायमोज्यांवर उभी होती.

"तात्या, इथली दारं आपोआप लागत्यात. मी नुसती पानी आनाया गेल्ते. किल्ली आत ऱ्हायली."

कारभारींनी अंगणात बसलेल्या बायकोकडं, चांगुणाबाईंकडं पाहिलं, पडद्याकडं पाहिलं, मग फोन तोंडाजवळ धरला.

"मग असं कर पोरी. शेजारी विचार, कुनाला दार उसनं पायजे का."