रजेला एक खुर्ची

खुर्च्यांचा ट्रक नव्या कचेरीच्या दारात उभा राहिला तेव्हा साहेबांनी हौसेने स्वतः दार उघडून धरलं. अठ्ठावन्नावी खुर्ची आत गेली तरी ट्रक अर्धाही रिकामा झाला नव्हता. जिन्यात खुर्च्यांवर खुर्च्या चढू लागल्या तेव्हा त्यांनी दार सोडलं आणि यादीभाऊंना हाक मारली.

यादीभाऊ कचेरीचा संगणक सांभाळत. कुठलीही चूक आपलीच असणार, असं ते चूक कळण्याआधीच धरून चालत. म्हणून येतानाच "चुकलं, साहेब" म्हणत आले.

"माणसं अठ्ठावन्न आणि खुर्च्या दोनशे अकरा? उरलेल्यांवर काय भुतं बसवू?"

यादीभाऊंनी घाम पुसला. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर नाव छापायचं, ही साहेबांची कल्पना. नावाखाली त्या माणसाची रजा आणि तिचं कारणही हवं, म्हणजे बसताना थोडी लाज वाटेल, हीही त्यांचीच. म्हणून यादीभाऊंनी साहेब सोडून बाकी माणसांचा तक्ता रजांच्या तक्त्याला जोडला. संगणकाने इमानदारीत दर रजेमागे एकदा नाव लिहिलं. ज्याच्या रजा पाच, त्याच्या ओळी पाच. तेवढ्या ओळी मोजून खुर्च्यांची मागणी गेली. ती न वाचता सही कोणी केली, हे विचारण्याइतके यादीभाऊ उद्धट नव्हते.

साहेबांच्या भाच्याला एकोणीस खुर्च्या आल्या होत्या. दर खुर्चीवर त्याचं नाव आणि खाली एक आजार.

"मामा, मी काही कुरकुर करणार नाही," तो उदारपणे म्हणाला.

"आणि माझी कुठंय?" रोखपालबाई पर्स छातीशी धरून उभ्या होत्या. "अंगात ताप घेऊन कामावर आले, पण कधी रजा घेतली नाही. मला एकसुद्धा नाही?"

यादीभाऊ ओशाळले. रजा नाही म्हणजे जोडायला काही नाही. जोड नाही म्हणजे ओळ नाही. संगणकाच्या हिशेबी बाई या कचेरीत कामालाच नव्हत्या.

"यादीत नाहीत ना? मग त्यांचं टेबल मी घेतो," भाचा म्हणाला. "माझ्या खुर्च्या मावत नाहीयेत."

साहेबांना यात काही वावगं दिसेना. बाईंचा चेहरा उतरला.

"रजा न घेतल्यामुळे कोण गळलंय, तेवढं काढून बघतो," यादीभाऊ स्वतःच्याच आवाजाला दचकत म्हणाले.

"दुपारपर्यंत काढा. नाहीतर टेबल भाच्याचं. आपल्याकडे यादी म्हणेल तसंच होतं."

यादीभाऊंनी प्रश्नाच्या पोटात प्रश्न घातला. आतल्याने रजा घेणाऱ्यांची नावं आणायची, बाहेरच्याने त्या नावांत नसलेली माणसं दाखवायची. उत्तर आलं: शून्य ओळी.

"बघा! कोणीच गळलेलं नाही," साहेब खूश झाले. "बाई, उगाच त्रागा करता. बसा आता."

"कुठं?"

यादीभाऊ पुन्हा रजांच्या तक्त्यात शिरले. एका रजेसमोर नावाची जागा कोरी होती. संगणक अशा बाबतीत फारच सज्जन. ही निनावी रजा कोणाचीही असेल, मग अमक्याने रजा घेतलीच नाही अशी शपथ मी कशी घेऊ, असा विचार करून त्याने एकालाही दाखवलं नव्हतं.

"कोण हा निनावी?" साहेब सगळ्या कचेरीसमोर कडाडले. "कारण काय दिलंय?"

"कंटाळा."

"कंटाळा! आणि असली रजा मंजूर कोणत्या गाढवाने केली?"

यादीभाऊंनी पडद्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या चपलांकडे. "सही आपली आहे, साहेब."

साहेबांनी पडद्यावर वाकून ती स्वतः वाचली.

"आम्हाला शिस्त लागावी म्हणून आपणही एकदा अर्ज भरला होतात," बाई हळूच म्हणाल्या. "नाव लिहा म्हटलं, तर म्हणालात, मला कोण ओळखत नाही?"

"पण मामा, मामीला तर तुम्ही परिषद सांगितली होतीत!" भाचा म्हणाला.

साहेबांचे कान लाल झाले. "बाई, तुम्ही माझ्या खुर्चीत बसा. टेबलही तुमचंच. आणि यादीभाऊ, हा शोध इथेच बंद! पहिली यादी बरोबर होती. यापुढे खुर्च्या तशाच काढायच्या, रीत बदलायची नाही!"

बाई चामड्याच्या खुर्चीत बसल्या आणि कोणी बघत नाहीसं पाहून एकदा गोल फिरल्या. साहेब भाच्याच्या 'पोटदुखी'वर टेकले.

खरं तर निनावी रजेला न छेडता विचारायची दुसरी पद्धत यादीभाऊंना ठाऊक होती. एकेक माणूस घ्यायचा आणि याच्या नावावर रजा आहे का, एवढंच विचारायचं. पण ती त्यांना साहेबांची सही वाचून झाल्यावर आठवली. निदान त्यांनी स्वतःची समजूत तशी घातली. कचेरी सुटल्यावर त्यांनी तसं विचारून पाहिलं. दोन ओळी आल्या. पहिली बाईंची. दुसरी त्यांची स्वतःची.

सकाळपासून आपण उभेच आहोत, हे तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं. साहेबांसमोर उभं राहायची इतकी सवय, की खुर्ची नसल्याचं जाणवलंच नव्हतं. आता साहेबांकडे जाऊन पुन्हा हा विषय काढायचा? छे!

त्यांनी बराच वेळ विचार केला आणि जन्मातला पहिला रजेचा अर्ज लिहायला घेतला. नाव ठळक अक्षरांत घातलं. थोडं घुटमळून दुसराही लिहिला. एक खुर्ची बसायला, एक पाय ठेवायला.