भन्ते, माझा राग गेला!

माझा राग गेला! कायमचा! विहारात भन्ते म्हणाले, "राग आला की समोरच्याकडे नीट बघा. तोही थकलेला, भ्यालेला जीव आहे. क्षांती, म्हणजे सहनशीलता, धरा, करुणा ठेवा." एवढंच ना? मी कोट शिवणारा शिंपी. अस्तर लावण्यापेक्षा हे सोपं!

दुकान घरातच, पुढच्या खोलीत. आल्या आल्या जाहीर केलं, "आजपासून या घरात कुणी रागावणार नाही. म्हणजे मी!"

बायको बघतच राहिली. "काहीही झालं तरी?"

"काहीही!"

नऊ वर्षांची लेक पुढे सरकली. "बाबा, तुमच्या मोठ्या कात्रीनं मी पुठ्ठा कापते."

कापडाच्या कात्रीनं पुठ्ठा! माझ्या मस्तकात तिडीक गेली. डोळे मिटून श्वास घेतला. "कधी, बाळ?"

"रोज."

"असू दे," मी म्हणालो. आवाज उंदरासारखा निघाला, पण निघाला!

बायकोला धीर आला. "मग मीही सांगून टाकते. तो काळा कोट कारागीरकाकांनी नाही जाळला. त्यावर इस्त्री मी विसरले होते."

मी सुन्न! त्या कोटापायी मी दुकानातल्या त्या म्हाताऱ्या कारागिराला गिऱ्हाइकांदेखत 'गाढव' म्हणून हाकललं होतं. सहा महिने झाले!

"तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुमच्यासमोर? कुणाची छाती आहे?"

आत राग शोधला. सापडेना. तसाच उठून फोन लावला.

"काका, चुकलं माझं. माफ करा. उद्यापासून या."

पलीकडून घाबरा आवाज, "मालक, तब्येत बरी आहे ना?"

ते 'येतो' म्हणाले आणि मन इतकं हलकं झालं, की बायकोपुढे जीभही सैल सुटली. "ऐक, मलाही सांगायचंय. तुझा पोपट आपणहून नाही उडाला. माझ्या आवाजात गिऱ्हाइकांना 'गाढवा' म्हणायला लागला, म्हणून रागाच्या भरात मीच पिंजरा उघडला!"

त्या पोपटासाठी ती दोन दिवस जेवली नव्हती. चेहरा आधी पांढराफटक, मग लालबुंद.

"का-य?"

बाप रे! थेट माझाच आवाज, फक्त दोन पट्ट्या वर! मी धूम ठोकली ती टांगलेल्या कोटांच्या मागे. तिथं कुणीतरी आधीच गुडघे पोटाशी घेऊन बसलं होतं.

"बाबा, सरका ना," लेक कुजबुजली, "ही माझी रोजची जागा आहे."